वाकड्या शेपटाचे अर्थशास्त्र

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपली म्हण सांगते. स्वभावाला औषध नाही हे पटविण्यासाठी पूर्वजांना नेमके कुत्र्याचेच उदाहरण सुचावे, आणि त्याच कुत्र्याला वळण लावण्याच्या कामावर आज कोथरूडसारख्या मध्यमवर्गीय उपनगरात तरुणांनी चरितार्थ चालवू पाहावा, ही मोठी मौजेची विसंगती आहे. विसंगती मौजेची असली तरी प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. "शिकूनसवरून कुत्री फिरवणार का?" असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, उलट स्वयंरोजगाराचे गोडवे गाणारे त्याच तरुणाला उद्योजक म्हणून हारतुरे घालतात. दोघांपैकी कोणीही त्याच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मागत नाही. तो मागितला, तर या एका धंद्यापलीकडे जाणारे असे काही हाती लागते. ग्राहक जे विकत घ्यायला येतो आणि विक्रेता प्रामाणिकपणे जे देऊ शकतो, त्या दोन गोष्टी एकच नसतात. त्या दोहोंमधले अंतर भरून काढण्यातच पहिले वर्ष खर्ची पडते.

ही मागणी निर्माण कशी झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. कोथरूडमध्ये कुत्रे पूर्वीही होतेच. बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असे, अंगणात साखळी असे, दूधपोळीचा वाडगा असे. त्या कुत्र्याने अनोळखी माणसावर भुंकणे हे त्याचे कर्तव्यच मानले जाई. त्यासाठी शिक्षकाची गरज नव्हती. पुढे बंगले गेले, जुन्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू झाला, आणि कुत्रा अंगणातून उचलला जाऊन सातव्या मजल्यावर आला. तेथे त्याला उद्वाहनात अनोळखी माणसांच्या पायांशी गुपचूप उभे राहावे लागते, शेजारच्या घराची घंटा वाजली तरी गप्प बसावे लागते, नवराबायको कामावर गेल्यावर दिवसभर एकटे राहावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत हौसेने पिल्ले आणली गेली. दोन वर्षांनी कचेऱ्या पुन्हा भरू लागल्या तेव्हा त्या पिल्लांची कुत्री झाली होती आणि एकटे राहण्याची सवय त्यांना कोणीच लावली नव्हती. तात्पर्य, कुत्रा बदलला नाही. त्याच्याकडून अपेक्षिलेली नोकरी बदलली. भुंकण्यासाठी ठेवलेल्या प्राण्याने आता न भुंकावे, अशी अपेक्षा झाली. जी गोष्ट अंगण आपोआप करीत होते, ती आता पैसे देऊन करवून घ्यावी लागते.

अशा घरात प्रशिक्षक पाऊल टाकतो तेव्हा त्याच्यापुढे ठेवली जाणारी मागणी ठरलेली असते: "आमच्या कुत्र्याला शिकवा." पहिल्या काही आठवड्यांतच त्याला कळून चुकते की कुत्रा हा या घरातील सर्वांत सोपा विद्यार्थी आहे. आजोबा त्याला 'बस' म्हणतात, नातू 'सिट' म्हणतो आणि आई 'खाली' म्हणते. ज्या घरात एरवी कोणी इंग्रजी बोलत नाही, तेथेही कुत्र्याशी मात्र हटकून इंग्रजीत बोलले जाते. सोफ्यावर चढू नये असा नियम सकाळी केला जातो आणि रात्री दूरदर्शनसंचापुढे तोच मोडला जातो. जेवताना काही द्यायचे नाही असे ठरते, आणि टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकविला जातो. यात कुत्र्याचा दोष काय? ज्या वर्तनाचे फळ मिळते ते वर्तन टिकते, एवढाच त्याचा तर्क असतो. इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. परंतु त्याच प्रयोगशाळेतील कुत्र्यांनी, ठरावीक खुणेशी जडलेली अपेक्षा शरीरात कशी मुरते, हे जगाला दाखविले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात परिणामांनी वर्तन कसे घडते याची पद्धतशीर मांडणी केली. आजचे मारहाणीवाचूनचे श्वानप्रशिक्षण बहुतांशी या दोन पायांवर उभे आहे. या शास्त्राला हवे असते ते सातत्य. आणि पाच माणसांच्या घरात नेमकी त्याचीच टंचाई असते.

याच पुणे शहरात या कामाचा एक उत्तम दाखला आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या सुमारास तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा 'जंजीर' हा मुंबई पोलिसांचा कुत्रा शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकला होता. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. पोलिसी पद्धतीचे मर्म असे, की तेथे कुत्र्याबरोबर त्याचा हस्तकही शिकतो. शब्द ठरलेला, वेळ ठरलेली, हात ठरलेला. घरात याच्या नेमके उलट असते. कुत्रा एक आणि हस्तक पाच. त्यांतील चौघांना आपण हस्तक आहोत याचा पत्ताच नसतो. तेव्हा घरगुती प्रशिक्षक जे विकतो ते कुत्र्याचे आज्ञापालन नव्हे, कुटुंबाची बदललेली सवय होय. अडचण एवढीच की, "तुमची सवय बदलून देतो" अशी पाटी लावली तर ग्राहक दारात उभा राहणार नाही.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. कुटुंब घरी असते ते सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. एका भेटीला पाऊण तास आणि कर्वे रस्ता किंवा पौड रस्त्यावरील वाहतुकीतून वाट काढण्यास अर्धा तास धरला, तर दिवसाला चार भेटींहून अधिक होणे कठीण. महिन्याचे २६ दिवस आणि भेटीमागे ६०० रुपये धरले, तर १०४ भेटींचे ६२,४०० रुपये होतात. हे छप्पर झाले. पहिल्या वर्षी यातील निम्म्या वेळा भरल्या तरी नशीब म्हणायचे; म्हणजे ३१,२०० रुपये. पेट्रोल, दूरध्वनी, पट्टे, खाऊ आणि जाहिरात यांवर ८,००० गेले की हाती २३,२०० उरतात. वहीत हा नफा दिसतो. परंतु हाच तरुण जर २५,००० रुपयांची नोकरी सोडून आला असेल, तर त्याला दरमहा १,८०० रुपयांचा तोटा आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि पगारी रजा गेली ती वेगळीच. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. स्वतःच्या श्रमाची मजुरी खर्चात न धरता उरलेल्या रकमेला नफा म्हणणे, ही आपल्याकडील छोट्या धंद्यांची जुनी खोड आहे.

त्यातही वर्ष सारखे नसते. पावसाळ्यात मैदानांचा चिखल होतो. दिवाळीत फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही, मग धडे कसले? मे महिन्यात कुटुंबे गावी जातात. शिवाय या धंद्याचे एक खास वैगुण्य आहे: काम नीट झाले की गिऱ्हाईक संपते. किराणा दुकानदाराचा समाधानी ग्राहक पुढच्या महिन्यात परत येतो. प्रशिक्षकाचा समाधानी ग्राहक परत येत नाही, तो फार तर दुसऱ्याला पाठवितो. आणि पाठवितो तोही कुत्र्यातील बदल टिकला, हे सहा-आठ महिन्यांनी पटल्यावर. म्हणजे पहिल्या वर्षी केलेल्या चांगल्या कामाची कमाई दुसऱ्या वर्षी हाती येते. हे ज्याला आधी ठाऊक नसते, तो दहाव्या महिन्यात धंदा बंद करतो आणि दोष कोथरूडकरांच्या कंजूषपणाला देतो.

खरा कसोटीचा क्षण याच सुमारास येतो. तासाला मर्यादा आहे, प्रवासाला मर्यादा आहे. पण मालकांना बाजूला सारून दहा कुत्री एकदम महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतली, तर उत्पन्न अनेक पटींनी वाढते. "पंधरा दिवसांत कुत्रा सुधारून देऊ, खात्रीने!" ही जाहिरात ग्राहकालाही सोयीची, कारण त्याला स्वतःला काहीच करावे लागत नाही. कुत्रा परत येतो तेव्हा खरोखरच शांत असतो. तो समजून शांत आहे की धास्तावून, हे मालकाला ओळखता येत नाही. घरातील पाच माणसे तीच असल्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचे जुने वर्तन परतते, आणि तेव्हा दोष कुत्र्याच्या जातीला दिला जातो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, जेथे विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेथे वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावू शकतो. श्वानप्रशिक्षणाचा बाजार हा असाच बाजार आहे. येथे तर ज्याच्यावर सेवेचा प्रयोग होतो, त्याला तक्रार करण्यासाठी वाचाही नाही.

कायद्याचा आधार किती, तर फार थोडा. घरगुती कुत्र्यांना वळण लावण्याचा धंदा करण्यासाठी आपल्याकडे कोणतीही परीक्षा किंवा पात्रता सक्तीची नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने मारहाण हा गुन्हा ठरविला खरा. परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये असा त्या काळी लिहिला गेला, तो आजही तसाच आहे. ५० रुपयांत आज कुत्र्याचा बरा पट्टाही मिळत नाही. अशा स्थितीत न मारता, घरातल्यांना समोर बसवून, दोन-तीन महिने खपून काम करणारा प्रशिक्षक महाग आणि मंद दिसतो. बंद दाराआड काम उरकणारा स्वस्त आणि हुशार ठरतो. पहिल्या वर्षाअखेर कोण टिकतो यावर या धंद्याची पुढची रीत ठरणार आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न त्या तरुणाचा एकट्याचा उरत नाही. बिथरलेले कुत्रे शेवटी जिन्यात, उद्वाहनात आणि शेजारच्या मुलाच्या पोटरीशी येऊन पोचते.

यावर उपाय मोठे नाहीत, परंतु आहेत. प्रशिक्षकाने पहिल्या दिवसापासून स्वतःची मजुरी खर्चाच्या बाजूला लिहावी आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी बांधून मगच नोकरी सोडावी. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते म्हणून ते घेतलेच पाहिजे असे नाही. ज्या धंद्याचे भांडवल विश्वास हे आहे, त्याला कर्जाचा हप्ता घाईला लावतो, आणि घाई ही येथे मारहाणीची पहिली पायरी ठरते. पद्धत कोणती, भेटी किती, घरातील कोणी हजर राहायचे, हे कागदावर लिहून द्यावे. ग्राहकाने एकच कसोटी लावावी: धडा आपल्या डोळ्यांदेखत होतो की नाही? जो प्रशिक्षक मालकाला समोर बसू देत नाही, त्याचे शुल्क कितीही कमी असले तरी महागच समजावे.

दुसरी गोष्ट वेळेची. स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ किती निर्णायक असतो, हे दाखवून दिले. याच काळात माणसे, आवाज आणि इतर प्राणी यांची भीती मोडते. आपल्याकडे प्रशिक्षकाला बोलावणे जाते ते कुत्रा वर्षाचा होऊन ओढू आणि चावू लागल्यावर. पशुवैद्यकाकडे पहिल्या लसीला येणाऱ्या प्रत्येक घराला आणि महानगरपालिकेकडे पाळीव कुत्र्याचा परवाना काढणाऱ्या प्रत्येकाला एक पानी मराठी सूचनापत्रक दिले, तर निम्मा प्रश्न उद्भवणारच नाही. शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शिवाजीनगरला पोलिसांचा अनुभव आहे. या दोहोंच्या आधारे एखादा अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभारणे अशक्य नाही. प्रमाणपत्राने सगळेच प्रामाणिक होतील असे नव्हे. परंतु प्रामाणिक माणसाला आपला दर्जा दाखविण्यास एक खूण तरी मिळेल.

शाळा-महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांना यातील काहीच अपरिचित वाटणार नाही. मूल शिकवणीला घालून मोकळे होणारे पालक आणि कुत्रा प्रशिक्षकाच्या हवाली करून निर्धास्त होणारे मालक यांची समजूत एकच असते: वळण ही विकत आणून घरात ठेवण्याची वस्तू आहे. पहिले वर्ष पार पाडलेला प्रामाणिक श्वानप्रशिक्षक या समजुतीशी रोज, भेटीमागे भेट, झुंजत असतो. त्याच्या वहीतील तोटा हा अपयशाचा पुरावा मानू नये. त्याने कोणता सोपा मार्ग नाकारला, याची ती नोंद असू शकते. आणि त्या म्हणीचे म्हणाल, तर शेपूट वाकडे असण्याने कोणाचेच काही बिघडत नाही. ते सरळ करण्यासाठी नळीच शोधत बसण्याची आपली सवय तेवढी सुटायला हवी.