विश्लेषण : ‘बेड एक की दोन?’ समलिंगी जोडप्यांच्या सहलीत अडतं कुठे?

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो. ॲपवरून डबल बेडची खोली घेतली होती. रिसेप्शनवरच्या काकांनी दोन्ही आधार कार्डं पाहिली. दोन्हींवर पुरुषांची नावं. ‘चुकून डबल बेड पडलाय वाटतं. थांबा, दोन वेगळे बेड असलेली खोली देतो,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘हो, चुकूनच.’

काका भले होते. त्याच पैशांत वरच्या मजल्यावरची, धरणाचं पाणी दिसणारी खोली दिली. पण आमच्या नात्याला चार वर्षं झाली म्हणून ही सहल होती आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी त्याला ‘मित्र’ करून टाकलं होतं. जेवणापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

‘गे कपल्ससाठी रोमँटिक ठिकाणं’ अशा याद्या इंटरनेटवर हव्या तेवढ्या मिळतात. अडतं ते ठिकाणापाशी नाही, रिसेप्शनवर.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मात्र मान्यता मिळाली नाही. पण हॉटेलात राहायला लग्न लागतच नाही. दोन अविवाहित प्रौढांनी एका खोलीत राहू नये, असा कोणताही कायदा नाही. स्त्री-पुरुष जोडप्यांबाबत मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दोघांची ओळखपत्रं पुरेशी आहेत.

हॉटेल खोली नाकारू शकतं का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये हॉटेलांचा थेट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. लैंगिक कल हा शब्द त्यात नाही. पण अनुच्छेद १५ मधल्या ‘लिंग’ या शब्दात तोही येतो, असा अर्थ २०१८ च्या निकालात काही न्यायमूर्तींनी लावला. अडचण अशी, की खासगी हॉटेलने या कारणावरून भेदभाव केला तर कारवाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे हक्क आहे, पण तो बजावण्याची सोपी वाट नाही.

मग मोकळं कुठे वाटतं?

डोंगरात आणि पाण्याजवळ. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. मैलोन्‌मैल लाल मातीतून चालायचं. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पहाटे चढताना कोण कुणाचं कोण, हे कुणी विचारत नाही. तारकर्लीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी कितीही वेळ बसा. दोन मुलांनी खांद्यावर हात टाकून चालणं आपल्याकडे नवं नाही. इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर दोन मुलं चार वर्षं एका खोलीत राहतात, कुणाला काही वाटत नाही.

पण ही मोकळीक ‘मित्र’ या नावावर मिळालेली असते. दोन मुलींना तर तीही मिळत नाही. ‘बरोबर कुणी जेन्ट्स नाही का?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी ठरलेला. मुक्कामी ट्रेक किंवा तंबूतली रात्र म्हटली, की सुरक्षिततेचा हिशेब आधी करावा लागतो.

निघण्याआधी काय करावं?

ॲपवर अवलंबून न राहता थेट फोन करा. ‘आम्ही जोडपं आहोत, एकच बेड हवा,’ हे आधीच सांगा. नकार यायचाच असेल तर तो घरबसल्या आलेला बरा. रात्री नऊ वाजता घाटात नको. बुकिंगची खात्री मेसेजवर लेखी घ्या. आणि घरी सांगितलेलं नसेल, तरी विश्वासातल्या एकाला तरी मुक्कामाचा पत्ता देऊन ठेवा.

आणि हॉटेलवाल्यांनी?

इंद्रधनुषी झेंडा लावा, असं मी म्हणत नाही. कुणाचं नातं काय, हे विचारण्याचीही गरज नाही. येणाऱ्या प्रत्येकाला, मग ते नवराबायको असोत, बहिणी असोत की दोन पुरुष, एकच प्रश्न विचारा : ‘बेड एक हवा की दोन?’ आणि जे उत्तर मिळेल, ती किल्ली द्या. यात खर्च काही नाही.

त्या रात्री काजवे पाहताना टॉर्च बंद होते. अख्खं झाड एका लयीत उजळत होतं, विझत होतं. अंधारात त्याने माझा हात धरला. आजूबाजूला पन्नासेक माणसं होती, त्यांतही बरीच जोडपी. ती सगळी तशीच हात धरून परत पार्किंगपर्यंत गेली. आम्ही मात्र पहिला दिवा दिसताच हात सोडला.

या वर्षी मी फोन करून खोली घेतली आहे. एकच बेड सांगितला आहे, आणि तो कशासाठी, हेही.