सन्मान झाला, साधनांचे काय?

आजच्या घानातील अक्रा येथे १९५७ साली जन्मलेले अनुबोधपटकार जॉन अकोम्फ्रा यांस ब्रिटनने २०२३ मध्ये ‘सर’ हा किताब दिला. हा गौरव उचितच होय. परंतु त्याचे मूळ कोठे आहे, हे विसरता कामा नये, असे आम्हांस वाटते.

१९८२ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ हा संघ स्थापिला. ‘चॅनल फोर’ या दूरचित्रवाहिनीचा आर्थिक आधार लाभला, आणि १९८५ च्या दंगलींवरील ‘हॅन्ड्सवर्थ साँग्ज’ हा अकोम्फ्रांचा चित्रपट १९८६ मध्ये निघाला. दंगल पेटताच कॅमेरे धावतात, विझताच परततात. या चित्रपटाने मात्र जुनी वृत्तचित्रे चाळून स्थलांतरितांच्या विस्मृत आकांक्षा धुंडाळल्या. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींनी आक्षेप घेतला की, त्यात लोकांच्या स्वतःच्या कहाण्या ऐकू येत नाहीत. स्टुअर्ट हॉल यांनी चित्रपटाच्या नव्या भाषेची बाजू घेतली. उपेक्षितांविषयी असा वाद जाहीरपणे झडावा, हेच त्या आधाराचे फळ होय.

तो संघ १९९८ मध्ये विसर्जित झाला. यशस्वी कलावंताच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. अनामिक तरुणांच्या हाती कॅमेरा देणे आणि तो तेथे टिकविणे, हीच समाजाची खरी कसोटी होय.