करारातील दोन ओळी आणि वसाहतीतील चिखल

जमीन विकसित करण्याच्या करारनाम्यात जमीनमालकाचा मोबदला, विकासकाचा हिस्सा आणि चटईक्षेत्र यांचा हिशेब चौरस फुटापर्यंत मांडलेला असतो. त्यासाठी वकील बसतात आणि शब्दाशब्दावर घासाघीस होते. मग कोठेतरी शेवटच्या पानांवर दोन ओळी येतात : जागेवरील सर्व अंतर्गत विकासकामे विकासक स्वखर्चाने करील. रस्ता किती रुंदीचा, गटार उघडे की बंदिस्त, ते शेवटी कोठे जाऊन मिळणार, पाणी कोठून येणार आणि हे सारे कोणत्या तारखेपर्यंत, याविषयी करार मुका असतो. नफ्याची भाषा काटेकोर आणि कर्तव्याची भाषा मोघम, हा काही लेखनिकाचा हलगर्जीपणा नव्हे. त्या मोघमपणाला बाजारात किंमत आहे आणि ती घर घेणाऱ्याकडून वसूल होते.

जागेवरील सुधारणा म्हणजे काय, याचे उत्तर वरकरणी सोपे आहे. कुंपणाच्या आतले रस्ते, गटारे, नळ, दिवे, मोकळी मैदाने ही विकासकाची जबाबदारी. कुंपणाबाहेरचा मुख्य रस्ता, जलवाहिनी, मोठा नाला ही मुख्यतः सार्वजनिक संस्थेची. पण खरा झगडा चालतो तो कुंपणाच्या रेषेवर. विकासक आतली गटारे बांधतो आणि ती कुंपणापाशी आणून सोडतो. पुढचे काम नगरपालिकेचे, असे तो सांगतो. नगरपालिका म्हणते, वसाहत अद्याप आमच्याकडे हस्तांतरितच झालेली नाही. दोघांचीही कागदपत्रे चोख असतात आणि मधल्या जागेत सांडपाणी तुंबलेले असते.

हा मोघमपणा कायद्याला अज्ञात नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने अंतर्गत विकासकामांची व्याख्याच दिली आहे. रस्ते, पदपथ, पाणीपुरवठा, मलनिःसारण, गटारे, उद्याने, वृक्षलागवड, पथदीप, घनकचऱ्याची व्यवस्था, अग्निसुरक्षा, इतकेच काय, मंजूर आराखड्यानुसार शिक्षण व आरोग्याच्या सोयीही त्या व्याख्येत बसतात. बाह्य विकासकामांची व्याख्या वेगळी आहे. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावाचून घेण्यास मनाई आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा सेवांतील दोष दाखवून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन आहे. ही शस्त्रे लहान नाहीत. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि ज्याने रेखांकन मंजूरच करून घेतले नाही तो तर नोंदणीच्या दारापर्यंत फिरकतही नाही.

या दुसऱ्या जगाचे नाव गुंठेवारी. एकराचे चाळीस गुंठे पाडायचे, फक्कीने रेषा आखायच्या आणि गिरणीतल्या, हमालीतल्या, घरकामातल्या माणसाला एकेक तुकडा विकायचा. सांगली-मिरज, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, पुण्याचा परीघ, सर्वत्र हीच रीत. रस्ता म्हणजे दोन रेषांमधली माती. २००१ साली राज्याने अशा वसाहती नियमाधीन करण्याचा, त्यांची श्रेणीवाढ व नियंत्रण करण्याचा अधिनियम केला आणि २०२१ साली दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहतींना तो लागू केला. रहिवाशांना संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. परंतु प्रशमन शुल्क व विकास शुल्क भरायचे कोणी? तुकडे पाडून पैसा घेऊन गेलेल्याने नव्हे, चिखलात राहणाऱ्याने. एकाच गटाराची किंमत त्याने एकदा जमिनीच्या दरात मोजली आणि दुसऱ्यांदा शुल्कात. गटार मात्र अनेक ठिकाणी अजून यायचेच आहे.

मंजूर रेखांकनातही लोकांच्या जागेवर डोळा असतोच. ती जागा कोणाची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, रेखांकनातील मोकळ्या जागेची मालकी पालिकेला फुकट मागता येणार नाही. पण मालकही ती जागा केवळ रहिवाशांचा विश्वस्त म्हणून धरतो. २०१० साली मुंबईच्या नहालचंद लालूचंद खटल्यात इमारतीखालचा खांबांवरचा वाहनतळ स्वतंत्रपणे विकण्यास विकासकाला मनाई झाली. जे सर्वांचे म्हणून आराखड्यावर दाखवले ते एकाच्या खिशात जाऊ शकत नाही, हे तत्त्व त्यातून निघते.

विकासकांचा नेहमीचा युक्तिवाद असा की, एवढ्या अटी घातल्या तर घरे महागतील. त्यात अंशतः तथ्य आहे. लहान गावातला लहान विकासक हा बोजा गिऱ्हाइकावर टाकू पाहील. पण गटार न बांधल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो दवाखान्याच्या बिलात, पाण्याच्या टँकरमध्ये आणि पुढे करात उगवतो. हा खर्च आधीच निश्चित असेल तर जमीन घेतानाच तिच्या भावातून तो वजा होतो. दुसरा मार्गही याच राज्याने पाहिला आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून चारकोप, गोराई येथे म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने आधी रस्ते, नळ, गटारे घातली आणि मग अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान भूखंड दिले. घर माणसाने ऐपतीप्रमाणे बांधले. आधी सेवा व मग घर हा क्रम अशक्य नव्हता. तो पुढे सोडून देण्यात आला.

१९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला. त्याची अंमलबजावणी सदोष होती, हे खरे. पण शहराची वाढ, रेल्वे, पाणी आणि श्रमिकांचा घाम यांमुळे चढलेल्या जमिनीच्या भावावर समाजाचा हक्क आहे, हा त्यामागील विचार चुकीचा नव्हता. त्या चढलेल्या भावातून किमान एक रस्ता, एक गटार आणि मुलांना एक मैदान मागणे ही त्या हक्काची सर्वांत माफक मागणी होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी या दोन ओळींकडे तांत्रिक बाब म्हणून पाहू नये. आपल्या भागात सहीसाठी निघालेला प्रत्येक करार वाचून घ्यावा. त्याला कामांची यादी, मापे आणि तारखा असलेले परिशिष्ट जोडण्याचा आग्रह धरावा. गटार सार्वजनिक वाहिनीला जोडण्याची जबाबदारी नावानिशी लिहून घ्यावी. रहिवाशांची सहकारी संस्था वेळेत नोंदवावी, भोगवटा प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरण यांचा पाठपुरावा करावा. गुंठेवारीच्या वसाहतीत जमा झालेले विकास शुल्क किती आणि त्यातून त्याच वसाहतीत काय झाले, याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा आणि उत्तर वसाहतीच्या सभेत वाचून दाखवावे. मोर्चे निघतातच, निघालेही पाहिजेत. पण पावसाळ्यात चिखलाविरुद्ध काढलेल्या मोर्चाला त्या दोन ओळी सही होण्याच्या दिवशी कोणी हजर असते, तर निम्मे काम तेव्हाच झाले असते.