फ्लॉपी हजर, कन्सोल बेपत्ता

फाब्रिस बेलार्डने २००३ साली सुरू केलेला क्यूएमू हा संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा अफाट ताकदीचा प्रोग्राम आहे. ते मान्य करूनच भांडतो.

काहीही न सांगता त्यात एक्स८६ यंत्र सुरू करा. मिळतो १९९६ च्या इंटेल ४४०एफएक्स चिपसेटचा अवतार आणि त्यासोबत व्हीजीए कार्ड, सीरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट, सीडी ड्राइव्ह, फ्लॉपी. नवं घर ताब्यात देताना मालकाने पाटा-वरवंटा मांडून ठेवावा आणि नळ कुठे आहे ते मात्र सांगू नये, असला हा पाहुणचार.

दूरच्या सर्व्हरवर बसून तुम्ही ‘नोग्राफिक’, म्हणजे पडदा नको, म्हणता. सीरियल पोर्ट आणि क्यूएमूला हुकूम देण्याचा ‘मॉनिटर’ दोन्ही तुमच्या टर्मिनलला जोडले जातात. बायोस दोन ओळी छापतो आणि पुढे सामसूम. आतल्या लिनक्सचा कर्नल मजेत बूट होत असतो, पण कन्सोल म्हणून सीरियल पोर्ट वापर असं त्याला कुणी बजावलेलं नसतं. तो बोलतो व्हीजीएशी, आणि तो पडदा बघायला कुणीही नाही. वैतागून कंट्रोल-सी दाबलंत, तर तेही आतल्या, पाहुण्या यंत्राकडे जातं. सुटका कंट्रोल-ए आणि मग एक्स. ‘स्क्रीन’ या टर्मिनल-प्रोग्राममध्ये बसला असाल तर कंट्रोल-ए तिथेच अडकतं, ते वेगळंच.

‘मॅन्युअल वाचा,’ म्हणतात. वाचलं. ‘नोडिफॉल्ट्स’ हा पर्याय दिला की अडगळीबरोबर सीरियल पोर्ट आणि मॉनिटरही जातात. म्हणजे एक तर सगळा भंगारबाजार, नाहीतर रिकामं घर!

आणि ही अडगळ निरुपद्रवी नाही. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ उघडकीला आलं. फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २००४ पासून दडलेली चूक, जिच्या आधारे पाहुण्या यंत्रातून यजमानावर हल्ला करता येत होता. फ्लॉपी ड्राइव्ह मुद्दाम बंद केला तरी दुसऱ्याच एका दोषामुळे तो कोड जिवंत राहत असे. फ्लॉपी कुणालाही नको होती, धोका मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला.

कन्सोलचा हा घोळ टाळता येत नाही असंही नाही. याच क्यूएमूचं एआरएमसाठीचं ‘व्हर्ट’ यंत्र कन्सोल कुठे आहे ते डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या नोंदीत लिहून देतं आणि लिनक्स ते वाचून मुकाट्याने तिथे बोलू लागतो. एक्स८६ वर पाहुणा लिनक्सच असेल असं नाही, हा बचाव मला ठाऊक आहे. पण कर्नलची फाइल मी थेट क्यूएमूच्याच हाती देतो, वर ‘नोग्राफिक’ म्हणतो, तेव्हा कमांड लाइनमध्ये कन्सोलचा उल्लेख नाही एवढी एक ओळ टर्मिनलवर छापायला काय हरकत आहे?