जपानी कादंबरी हातात घेण्याआधी

पुस्तकांच्या दुकानात जपानी कादंबऱ्यांचे अनुवाद हल्ली समोरच मांडलेले असतात. मुखपृष्ठावर मांजर, नाहीतर कॉफीचा कप. पुस्तक लहानसं दिसतं. प्रवासात वाचून होईल म्हणून तुम्ही उचलता. होतंही. मग दोन दिवसांनी भाजी निवडताना एकदम डोळे भरून येतात. घरातले विचारतात, काय झालं? तुम्हाला सांगता येत नाही.

घाबरू नका. आपल्या गोष्टींत आधी पात्रं रडतात, मग आपण. अनुवादातून आपल्यापर्यंत येणाऱ्या बऱ्याच जपानी कादंबऱ्यांत पात्रं चहा करतात, भांडी विसळतात, गाडीची वेळ बघतात. रडायचं काम तुमच्यावर सोडलेलं असतं. ते उशिरा होतं, इतकंच.

म्हणून आधी आपल्या घराकडे बघा आणि मग पुस्तक निवडा.

घरातलं कोणी नुकतंच गेलं असेल तर बनाना योशिमोतोंचं ‘किचन’ घ्या. मूळ पुस्तक 1988 चं. मिकागेची आजी जाते आणि तिला कोणीच उरत नाही. तिला झोप लागते ती फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. फ्रिजच्या घरघरीची तिला सोबत वाटते. पुढे तिच्या मित्रावर, युइचीवर, तशीच वेळ येते. तो दूर एका हॉटेलात जाऊन राहतो. तिथं जेवायला टोफूच टोफू. मिकागे कामासाठी परगावी असते. रात्री एका साध्या दुकानात ती कात्सुदोन खाते, म्हणजे भातावर तळलेलं डुकराचं मांस आणि अंडं. ते इतकं चांगलं लागतं की त्याच्यासाठी एक बांधून घेते, टॅक्सी करते आणि अपरात्री चक्क भिंतीवरून चढून त्याच्या खोलीपाशी पोचते. त्याला जेवायला घालते. दुःखाच्या घरी डबा पोचवणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

हारुकी मुराकामींचं ‘नॉर्वेजियन वुड’ मात्र अशा वेळी नको. तरुण मुलं ते प्रेमकथा म्हणून घेतात. प्रेमकथा आहेच. पण त्यात एकाहून जास्त तरुण माणसं स्वतःचा जीव संपवतात. तुमच्या घरात किंवा मित्रमंडळींत असं कोणी गेलं असेल, तर हे आधी माहीत असू द्या. नात्सुमे सोसेकींच्या ‘कोकोरो’बद्दलही हेच. ते 1914 चं आहे. आणखी वर्षभर थांबलात तर ते काही शिळं होणार नाही.

ओसामू दाझाईंच्या ‘नो लाँगर ह्यूमन’बद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. त्याचा नायक लहानपणापासून माणसांना भितो. भीती दिसू नये म्हणून विदूषकी चाळे करतो, सगळ्यांना हसवतो. हे पुस्तक 1948 चं. त्याच वर्षी, वयाच्या 38 व्या वर्षी, दाझाईंनी आत्महत्या केली. आजही कॉलेजातली मुलं ते वाचतात आणि म्हणतात, हे तर माझंच लिहिलंय.

मुलाच्या उशाशी ते दिसलं तर हिसकावून घेऊ नका. भाषणही देऊ नका. आधी तुम्ही वाचा. मग एवढंच विचारा, ‘तुला यातलं काय पटलं?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. अनेकदा मुलाला त्यात एवढंच सापडलेलं असतं की असं वाटणारा मी एकटा नाही. त्यात वाईट काही नाही.

पण त्याचं जेवण कमी झालं असेल, झोप उडाली असेल, तो मित्रांना टाळत असेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलत असेल, तर गोष्ट पुस्तकाच्या पुढे गेली आहे. त्याला एकटं सोडू नका. 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा. पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं.

घरात विसरायला लागलेलं वडीलधारं माणूस असेल तर योको ओगावांचं ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’ जरूर वाचा. त्यातल्या म्हाताऱ्या गणितज्ञाला नवं काही ऐंशी मिनिटांपलीकडे आठवत नाही. तो आपल्या कोटाला चिठ्ठ्या टाचून ठेवतो. घरकामाला येणारी बाई त्याला रोज सकाळी नवीन असते. ती आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा एक पथ्य पाळतात. ‘हे तुम्ही आधी सांगितलंय’ असं त्याला कधी म्हणायचं नाही. वाचताना रडू येईल, पण हे पथ्य तुम्हाला उद्या सकाळीच उपयोगी पडेल.

आणि काहीच वाटलं नाही तर? कावाबातांचं ‘स्नो कंट्री’ वाचून पुष्कळांचं तसं होतं. कावाबातांना 1968 मध्ये नोबेल मिळालं म्हणून लोक बळेबळे वाचतात. त्यांनी ते 1935 पासून तुकड्यातुकड्यांनी छापलं आणि शेवट बसवायला 1948 उजाडलं. त्यामुळे सगळं अधांतरी वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. ठेवून द्या. दुसरं घ्या.

मुलांसाठी ‘तोत्तोचान’ मराठीत आहे. ती कादंबरी नाही, तेत्सुको कुरोयानागींच्या आठवणी आहेत. पण कितीतरी मराठी घरांत पहिलं जपानी पुस्तक तेच असतं. तोत्तोचान ज्या यासुआकीला झाडावर चढवते, तो पुढे मरण पावतो. ते प्रकरण आधी तुम्ही वाचून ठेवा आणि त्या दिवशी मुलाजवळ बसा. यासुआकीला काय झालं होतं, असं तो विचारेल. तेव्हा पोलिओ म्हणजे काय आणि लहानपणी तुमच्या मुलाच्या तोंडात ते दोन थेंब कशासाठी घातले होते, ते सांगा.