आकुर्डीकरांनो, तेवढे लिव्हर ठेवा

लोणावळ्याच्या तुंगार्ली धरणावरून राजमाचीकडे जाणारा कच्चा रस्ता पावसात गाडीचं खरं रूप दाखवतो. निसरडा मुरूम, सुटे दगड, मध्येच ओढा. इथे येणाऱ्या गाड्यांतली गुरखा मावळाच्या नात्यातली आहे. फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीत, आणि गुरखाचं मूळ त्याच घरच्या ट्रॅक्समध्ये. पूर्वी ही गाडी ‘ट्रॅक्स गुरखा’ म्हणूनच ओळखली जायची. ट्रॅक्स म्हणजे आमोरासमोर बाकं, मागे पाटे आणि दाटीवाटीने बसलेलं आख्खं गाव. तिच्या रूपाचं कौतुक कुणी कधी केलं नाही.

2013 साली गुरखा फोर्सच्या नावाने बाजारात आली. 2018च्या ‘एक्स्ट्रीम’ला कॉइल स्प्रिंग आणि मर्सिडीजच्या वंशातलं 2.2 लिटरचं इंजिन मिळालं, तेव्हा कंबरेचे हाल कमी झाले. 2021मध्ये बॉडी नवी आली, 2024मध्ये पाच दारं. ती जी-वॅगनसारखी दिसते म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मुरडोत. बॉनेटचे कोपरे दिसणारा चौकोनी डबा अरुंद वाटेवर सोयीचाच असतो.

पण या गाडीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट बाहेरून दिसतच नाही: पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे हाताने, लिव्हर ओढून लावायचे लॉक. साध्या डिफरन्शियलमध्ये चिखलातलं चाक नुसतं गरगरतं आणि दगडावरचं ढिम्म राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. 2020च्या थारमध्ये वरच्या प्रकारांत मागचा लॉक आपोआप लागतो. सोय उत्तम, पण चाक घसरल्यावरच तो जागा होतो, तोवर खड्डा थोडा खोल झालेला असतो. लिव्हर असला की ड्रायव्हरला आधी पुढचा रस्ता वाचावा लागतो. कोरड्या डांबरावर लॉक काढायची आठवणही त्यानेच ठेवायची, नाहीतर वळताना स्टिअरिंग हट्टाला पेटतं.

या सदरात गॅजेटवाल्यांना मी बरंच टोचलंय, तेव्हा गुरखाच्या नाकाबद्दलही बोलतो. बॉनेटशेजारून वर गेलेल्या त्या नळीमुळे आणि 700 मिलिमीटर पाण्यातून जाण्याच्या क्षमतेमुळे पावसाळी पर्यटकांना भलताच जोर चढतो. नळी इंजिनात पाणी जाऊ देत नाही, एवढंच. ओढ्याचा लोंढा गाडीला आडवा ढकलतो, त्याला ती काय करणार?

2024मध्ये फोर-व्हीलची निवड लिव्हरवरून फिरत्या बटणावर गेली. चालेल. पुढे ऑटोमॅटिक गिअरही खुशाल द्या. रविवारी लोणावळ्याच्या कोंडीत क्लच दाबून दाबून गुडघा बोलायला लागतो. आवाज कमी करा, सीट मऊ करा. लॉकचे दोन लिव्हर तेवढे बटणाच्या नादाने काढू नका.