नदीवरून तार न्यायची तर आधी आम्हाला विचारा

सर्व सभासद, होडीमालक आणि मच्छीमार बंधू-भगिनींनो,

गोव्यात उच्च दाबाच्या नव्या वीजवाहिनीचा विषय निघाला की चर्चा जंगलाची होते, शेताची होते, नदीची मात्र कुणी काढत नाही. म्हणून आज आम्ही लिहीत आहोत.

आधीच सांगून ठेवतो, वीज आम्हालाही हवी. गोव्याची जवळपास सगळी वीज बाहेरून येते. ती गेली की बर्फाचा कारखाना थांबतो, आणि बर्फ नसेल तर सकाळी उतरवलेला बांगडा दुपारी कोण घेणार? तेव्हा वाहिनी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ती कुठून जाणार हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढेच.

"मार्ग ठरलाय, आता बदलत नाही," असे कुणी म्हणाले तर त्याला मोलेची आठवण करून द्या. तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी तिथल्या अभयारण्यातून नवा पट्टा तोडून आणायची होती. लोकांनी आवाज उठवला. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०२१ मध्ये जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच ती न्यावी, अशी शिफारस केली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. म्हणजे मार्ग बदलतो, पण वेळेत बोलावे लागते.

याच प्रकल्पात शेल्डे ते म्हापसा अशीही वाहिनी आहे. दक्षिणेतून म्हापशाला जायचे तर मांडवी ओलांडावीच लागते. उद्या आणखी वाहिन्या येतील, त्यांनाही नद्या चुकणार नाहीत. पण वाहिनीची जाहीर सूचना निघते ती गावांची नावे देऊन. भरपाईचेही तसेच. जून २०२४ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे टॉवरखालच्या जमिनीला मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई आहे. ती ज्याच्या नावावर एक-चौदाचा उतारा त्याला. पिढ्यान् पिढ्या नदीत जाळे टाकणाऱ्याच्या नावावर कसला उतारा? नकाशावर नदी म्हणजे मोकळी जागा, आणि आमचे घर चालते ते त्याच जागेवर.

आता उंचीचे बघा. उधाणाच्या भरतीला आपल्या नदीचे पाणी दोन मीटरच्या आसपास चढते. उलट बाजूने, दुपारच्या उन्हात आणि भार वाढला की तार तापून खाली झोळते. पाणी वर, तार खाली आणि मध्ये आपली डोलकाठी. एवढ्या दाबाच्या तारेला टेकावेच लागते असे नाही, फार जवळ गेले तरी वीज झेप घेते. म्हणून उंची मोजायची ती सर्वांत मोठ्या भरतीपासून आणि तार सर्वांत जास्त झोळलेली असताना.

दुसरे, टॉवरचे पाय. ते खारफुटीत किंवा खाजनाच्या बांधाजवळ आले तर शेवटे, काळुंद्र, चोणक यांची पिल्ले वाढायची जागा जाते. मानशीजवळ भराव पडला तर पाण्याची वाटच बदलते.

तिसरे, कामाचे दिवस. नदीवर तार ओढताना होड्यांची ये-जा थांबवावी लागते. भर पावसात हे काम होत नाही, म्हणजे नदी बंद राहणार ती मासेमारीच्या हंगामात. १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे ट्रॉलरवाले आधीच घरी बसतात. त्यात हेही बुडालेले दिवस कोण भरून देणार?

आमच्या मागण्या सोप्या आहेत. नदी ओलांडायची जागा पक्की करण्याआधी त्या काठच्या मच्छीमारांची बैठक घ्या. शक्य तिथे जुन्या वाहिनीच्या जागेवरूनच नदी ओलांडा. नदी बंद ठेवायच्या तारखा महिनाभर आधी कळवा आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई लेखी ठरवा.

पण नुसते मागून भागणार नाही, आपल्याकडे आकडे हवेत. प्रत्येक होडीमालकाने पाण्यापासून डोलकाठीच्या किंवा अँटेनाच्या टोकापर्यंतची उंची मोजून महिनाअखेरपर्यंत सोसायटीच्या कार्यालयात लिहून द्यावी. नदीत जाळी लावणाऱ्यांनी आणि तिसऱ्या-खुबे काढणाऱ्या बायांनी आपापल्या जागा येऊन दाखवाव्यात, आम्ही त्या नकाशावर उतरवू. ग्रामसभेत ठराव मांडताना हाच कागद पुढे ठेवता येईल.

टॉवर उभा राहिल्यावर ओरडून उपयोग नाही. कागदावर रेघ आहे तोवर ती हलवता येते.

आपले,
सचिव व संचालक मंडळ